सेटिंग

सातपूरला आमच्या प्रेसवर
डाय बदलायला चाळीस मिनिटं मिळतात.
रजिस्टरात तसा रकानाच आहे.

मला मायको सर्कलचा सिग्नल मिळतो.
त्र्याण्णव सेकंद.

ऐंशीपर्यंत पत्र्याची कड अजून बोटांत,
कानात ठोका.
मग कधीतरी, पन्नाशीच्या आसपास,
तीनशे चाळिसात सतरा वॉशर रिजेक्ट
म्हणजे विसात एक,
असं आपोआप व्हायला लागतं.
ऋजुताचा उद्या अपूर्णांकांचा पेपर.
आधी छेद सारखे कर गं,
हेल्मेटातच पुटपुटते मी.
शेजारचा रिक्षावाला बघतो.

मागून हॉर्न. हिरवा कधीच लागलाय.

दारातच ती वही पुढे करते.
मी गणित बघायच्या आधी
पानाच्या कडेवरून अंगठा फिरवते,
कुठे धार राहिलीय का.