चूक किती चालते

गुरुवारी भोसरी बंद असते.
म्हणून गुरुवारीच विचारायचं ठरवलं बाबांना,
हॉबिंग मशीन गप्प असताना.

दोन पत्रं आली आहेत एकाच आठवड्यात.
एकात यंत्रांची रचना, दोन वर्षं,
शेवटी नोकरी, जवळजवळ लेखी.
दुसऱ्यात तारे.
तारे म्हणजे खरं तर ताऱ्यांमधला वायू,
गार, इतका विरळ
की चमचाभर जागेत पाचसहा अणू.
त्यासाठी पाच वर्षं. लांबली तर सहा.
(लांबतातच, असं तांबोळीची बहीण म्हणते,
तिची सातवी चालू आहेत.)

तिसऱ्या वर्षाला कॉलेजनं खोडदला नेलं होतं.
नारायणगाव सोडलं, द्राक्षांचे मळे संपले
आणि शेतात उभ्या त्या जाळीच्या थाळ्या.
सगळे मान वर करून.
मी थाळीखाली वाकून बघत होते
एवढं धूड वळतं कशावर, दात किती, ग्रीस कुठलं.
कोकाटे म्हणाला, बघ, तू पक्की मेकॅनिकल.
हो म्हटलं.
पण परतीच्या बसमध्ये चाकणपर्यंत झोप आली नाही
ती त्या दातांमुळे नव्हे.

मग मुलाखत, विद्यापीठात.
लुकतुके मॅडमनी खडू दिला:
या ढगाचं वस्तुमान काढ, अंदाजानं.
घाम फुटेपर्यंत काढलं.
त्यांनी चष्मा वर केला, म्हणाल्या,
दुपटीच्या आत आहे. छान!

छान.
विद्यापीठ चौकात सिग्नल तीनदा सुटला
आणि मी तिथेच, गाडी चालू, हसत.
मागचा रिक्षावाला काय बोलला ते लिहीत नाही.

रात्री जेवताना सांगितलं.
बाबांचा घास हातात राहिला.
दुपटीची चूक? आणि वर छान?
आमचा माल वीस मायक्रॉनला परत येतो.
आई आमटी वाढत म्हणाली,
तुमचा येतो. ढग कोण परत पाठवणार?

तर गुरुवार.
शटर अर्धंच वर केलं, वाकून आत गेलो.
कूलंटचा आंबट वास, मुलाणीमामांचा डबा विसरलेला,
नव्या सीएनसीवर अजून हार,
तिचे हप्ते अजून सत्तावीस.
तो आकडा आमच्यात कुणी काढला नाही.
काढला असता तर सोपं झालं असतं.

विचारलं.
बाबा स्टुलावर बसले. पुष्कळ वेळ काहीच नाही.
मग रिजेक्टच्या पेटीतून एक गिअर काढून
माझ्या तळहातावर ठेवला.
चूक शोध.
मी खिडकीपाशी नेला, फिरवला,
दातांवरून नख फिरवलं.
नाही सापडली.
मलाही नाही दिसत, ते म्हणाले,
मशीनला दिसते. तीस वर्षं
मला न दिसणाऱ्या चुकांचे पैसे भरतोय.

हे उत्तर होतं का, कळलं नाही.
तक्रार असेल. अभिमानही असेल, त्यांच्या बोलण्यात
दोन्हींची चाल एकच असते.

काल रात्री फॉर्म भरला. वायूचा.
बटण दाबताना हात कापला नाही,
दाबल्यावर कापला.
सकाळी नोकरीवाल्यांना नकार लिहिला,
तीन ओळींचा, अकरा वेळा खोडून.

निर्णय बरोबर आहे असं मी म्हणत नाही.
दुपटीची चूक धरून चालले आहे.
फक्त चूक कुठल्या बाजूची,
ते तेहतीस-चौतीसच्या सुमारास कळेल.

गिअर टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून.
बाबा आज जाताना तो उचलून बघत होते,
उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून,
आणि मला विचारलं,
त्या खोडदच्या थाळीचं चाक
बनवलं कुणी?
मला माहीत नव्हतं.
विचारून ये, म्हणाले,
आणि पायात चपला सरकवून भोसरीला गेले.