साडेपंधरा आणे

गारगोटीच्या कचेरीत, मागच्या हॉलमध्ये,
पडद्यावर ठोकळ्याला ठोकळा जोडत
पुण्याहून आलेला पोरगा सांगत होता:
ही ब्लॉकचेन. म्हणजे साखळी.
हिची कडी कुणाच्या बापाला तोडता येत नाही.
खरेदी, वाटणी, बक्षीसपत्र,
एकदा नोंद झाली की झाली,
तलाठी बदलो, कचेरी जळो,
हजार यंत्रांत एकच अक्षर.

साखळी म्हटल्यावर मी डुलकीतून उठलो.

एकतीस वर्षं ओढली मी साखळी.
तेहतीस फूट, सोळा आणे,
खांद्यावर टाकली की चालताना बोलायची.
मोजणीदार मेंगाणे छत्रीखाली,
मी रानात, मुठीत पितळी कडं.

एका वैशाखात ती तुटली.
लोहारानं तार घालून सांधली,
सांधताना अर्धा आणा खाल्ला.
मेंगाणे म्हणाले, चालतंय.
मीही म्हणालो, चालतंय.

त्याच दिवशी वेदगंगेकाठी
सुंद्राबाई डेळेकरांचा हिस्सा मोजायचा होता.
भावाशी नऊ वर्षं कोर्टात भांडून
मिळालेले बारा गुंठे.
लांबीला सहा साखळ्या, रुंदीला दोन.
माझी शाळा चौथीतच सुटली,
पण सहा गुणिले अर्धा आणा मला येत होतं.
दगड रोवला सहा फूट अलीकडं.
पलीकडं भावाचा ऊस.
ती म्हणाली, "सरकारी साखळी हाय,
खोटं कसं आसंल?"
आणि गुळाचा चहा दिला आम्हाला.

"काही शंका?" पोरगा विचारतो.
कुणीतरी म्हणतं, रेंज नसली तर?
हॉल हसतो.
मी हात वर केला,
मग तसाच डोकं खाजवायला नेला.
काय विचारू?
तारेनं सांधलेला अर्धा आणा
तुझ्या हजार यंत्रांत
हजारदा बरोबर दिसणार का, बाळ?
"बोला की, आजोबा."
"न्हाई," म्हटलं, "चांगलं हाय."

एस.टी.तून एक थांबा आधी उतरलो.
सुंद्राबाई आता नाही.
तिची लेक त्याच दगडावर
विळ्याला धार लावत होती.
म्हटलं, घरात टेप आहे का, गवंड्याचा?
"कशाला?"
सांगायला घसा खाकरला, निघालं एवढंच:
नोंद पक्की व्हायच्या आत.

तिनं टेप आणला, गंजलेला, तेरा फुटांवर अडणारा.
हे टोक धर, म्हटलं,
बांधाच्या त्या कोपऱ्यावर, घट्ट.
आणि दगड ओलांडून
मी उसात शिरलो.