सात, चार, नऊ

शनिवारी फेरीबोटीने दिवाडीला जातो.
पिशवीत उद्याच्या शर्यतींचं पुस्तक
आणि रुझारबाबसाठी पाव बाटली हुर्राक.

तीस वर्षं मुंबईला मोतद्दार होता तो.
आता बलकांवावर बसून
चष्मा दोऱ्याने कानाला बांधतो,
म्हणतो, वाच.

सिल्व्हर ऑयस्टर. सात, चार, नऊ.
बाराशे मीटर, छप्पन्न किलो, धावपट्टी मऊ,
शेवटी अकरा लांबी मागे.
मी तिच्यावर बँकेतच काट मारून आलेलो,
लाल पेनाने, पट्टी लावून.

तो त्या नवावर बोट ठेवतो. काढत नाही.
'हिची आई माझ्या हाताखाली होती.
तिचाही असाच एक नऊ.
आदल्या रात्री ठाणातली शेळी मेलेली,
सोबतीची.
घोडी कडब्याला तोंड लावीना.
ते कुठे छापतात, पुता?'

मग उद्या लावू हिच्यावर?

बराच वेळ तो हुर्राकाकडे बघतो.
'शेळी आहे का, विचार.'

कुणाला विचारणार?
फेरीत, दोन स्कूटर आणि एका बर्फाच्या लादीमध्ये उभा राहून
मी एक-एक-दोनवाल्या घोड्यावर खूण केली.
तो तिसरा आला. पाचशे गेले.

पुढच्या शनिवारी वाचलं :
सिल्व्हर ऑयस्टर. सात, चार, नऊ, पाच.

'पाच?' रुझारबाब ताठ बसला,
घरातल्या कुणाचा ताप उतरल्यासारखा.
'खायला लागली म्हण की.'