नकाशा

फहाहीलमध्ये वाळू कुठूनही येते,
बंद खिडकीतूनसुद्धा.
म्हणून हेरंबने सेलमधून आणला
हा गोल, बुटका झाडूवाला.

पहिल्याच दिवशी भिंतींवर डोकं आपटत
त्याने घर पाठ केलं,
फोनवर नकाशा धाडला:
स्वयंपाकघर. बेडरूम. बेड.
हॉलमध्ये, सोफ्यामागे,
आणखी एक बेड.

ती गादी चिपळूणला माहीत नाही.
व्हिडिओ कॉलवर आम्ही
एकाच उशीला टेकून हसतो.

नकाशा क्लाउडवर जपून ठेवलाय म्हणे.
इथल्या आभाळात तर
महिनोन्‌महिने ढग नसतो.

आज त्याने विचारलं,
‘या खोलीला नाव द्यायचं?’
मी गादी गुंडाळली, कपाटात कोंबली.
तो आला, थबकला,
आणि रिकाम्या फरशीला
वळसा घालून गेला.