अकरावी गाडी

हाउगास्तोलच्या फाटकाशी नांगर उभा करून
मी पुस्तकं वाचतो. नोकरीतलं हे कुणी सांगत नाही:
बर्फ काढण्याआधी बर्फाची वाट पाहावी लागते,
वारा पडेपर्यंत, रेडिओवर ओस्ब्यर्ग 'निघ' म्हणेपर्यंत.
मागे गाड्यांची रांग. एंजिनं चालू. काचांवर वाफ.
माझ्याकडे थर्मास, आणि सिग्रुनच्या लायब्ररीतून
दर पंधरा दिवसांनी चार खून.

सगळे पुरे होत नाहीत.
एकात मारेकरी उणे वीस अंशांत
चोरपावलांनी अंगण ओलांडतो, जराही आवाज न करता.
उणे वीसला बर्फ केकाटतो, बाबा,
शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा.
लेखकाने फार तर फ्रीज उघडून पाहिला असेल.
पान बासष्ट. मिटलं.

एक सोडलं कुत्र्यासाठी.
शेपूट हलवत तो तळघराकडे निघाला
तेव्हाच मी ओळखलं, आणि त्याला तिथेच थांबवला.
अजून तो जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर उभा आहे,
जिवंत. माझ्यामुळे.

एकाची अकरा पानं उरली होती
आणि वारा पडला, फाटक उघडलं, भोंगे सुरू झाले.
मी खिडकीतून हात दाखवला: थांबा, दिवा तपासतोय.
खुनी निघाला जुळा भाऊ.
सत्तावीस गाड्या खोळंबवल्या मी,
जुळ्या भावासाठी!
सबंध उतारभर शिव्या घालत होतो,
नांगराला ऐकू जातील अशा.

एक मात्र हातमोज्यांच्या कप्प्यात पडून आहे. सहा हिवाळे झाले.
सिग्रुनने दंड मागायचंही सोडलं.
त्यात रात्री दाराबाहेरून बाप मुलीला हाक मारतो,
अगदी बापाच्याच आवाजात, लाडाच्या नावाने.
आणि बाप तर आत, तिच्या शेजारी घोरत.
मुलगी उठते. कडीला हात लावते.
पान एकशे चौदा.
लोकांना वाटतं, घाबरून सोडलं.
भीती नव्हती ती.
मला ओ द्यावीशी वाटली होती.

मग ती फेब्रुवारीतली रात्र.
फाटकाशी गाड्या अकरा. मी मोजल्या, ओस्ब्यर्गने मोजल्या.
शेवटी चालणारी राखणगाडी नेमकी बिघडलेली.
पलीकडे उतरलो तेव्हा दहा.

परत फिरलो.
दिव्यांत पांढरं, पांढऱ्यामागे पांढरं.
रस्त्याकडेचे बांबू मोजत गेलो, एकेक,
आणि पुरी केलेली सगळी पुस्तकं आठवत गेली.
एकही कामाला आलं नाही.

सातव्या वळणावर लाल ठिपका. निळी टोयोटा.
बाई गुडघाभर बर्फात, पोराचं कपाळ धरून.
वळणांनी त्याला मळमळलं होतं. बस, एवढंच.
"गाडीत नको म्हटलं," ती म्हणाली,
"गाडी दिराची आहे."

पुस्तकात असता हा शेवट
तर भिंतीवर फेकून मारलं असतं.
इथे मी पोराला माझ्या थर्मासचं झाकण दिलं,
कोमट पाण्याने भरून. त्याने चूळ भरली, थुंकला,
आणि विचारलं, नांगर चालवायला कितवीपर्यंत शिकावं लागतं.

केबिनची शिडी चढताना
मागून कुणीतरी नाव घेतलं.
रेडिओवरचं नाव नव्हे ते. ते दुसरं,
जे आता कुणालाच ठाऊक नाही.
वारा असा बोलतो, घाटात सगळे सांगतात.
मी ओ दिली नाही.
म्हणजे, मोठ्याने नाही.

मग आरशात दोन दिवे घेऊन उतरलो,
दर वळणाला ते पुन्हा मोजत. दोन. दोन. दोन.

परवा सिग्रुन म्हणाली, ते जुनं आता रद्दच करून टाकते,
यादीतून काढते.
म्हटलं, नको. वाचतोय.
मुलीचा हात कडीवर आहे अजून,
बाहेर तो उभा आहे,
आणि इथे फाटक बंद.
वारा पडला की बघू.