खिजगणतीबाहेर

तार्तूत डिसेंबरात साडेतीनलाच अंधार.
उर्वे खिडकीतला दिवा लावते
आणि पडदा पुन्हा गोठतो.
अकरा सेकंद.

पक्ष्यांच्या पायात वाळे घालणाऱ्यांनी
सत्तर वर्षं वह्या भरल्या:
कुठला वाळा कुठल्या दलदलीत,
कुठल्या बंदरात, कुणाच्या मांजराच्या तोंडी
पुन्हा दिसला.
सगळे एकमेकांकडे बोट दाखवत उभे.
एकशे नव्वद गिगाबाइट. मेमरी चौसष्ट.

केर काढणारा बिचारा प्रामाणिक.
काही टाकण्याआधी दारोदार जातो,
विचारतो, तुला कुणी धरलंय का?
धरलंय, म्हणतो बासष्ट सालचा करकोचा.
धरलंय, म्हणतं त्याचं पिल्लू.
पाच कोटी दारं फिरून
सुपाच्या कोपऱ्यात मावेल एवढाच केर,
आणि उरलेले पक्षी तर अजून आत आलेलेच नाहीत.

"मेमरी विकत घे," तायवो म्हणाला,
काळा पाव चावत.
पैसे वसंतात. वसंतात पक्षीही,
नवे वाळे घेऊन.

मग तिनं बिऱ्हाडच हलवलं.
सगळे पक्षी डिस्कवरच्या एका फाईलीत,
खेटून, सपाट.
बोटं नाहीत, फक्त आकडे:
इथून इतक्या बाइटवर तुझी आई.
लागेल ते पान वर येतं,
नको झालं की आपसूक खाली जातं.
केर काढणाऱ्याला दिसतं एकच दार.
टकटक, आणि पुढे.
चार मिलिसेकंद!
तिनं तायवोचा उरलेला पाव खाल्ला.

गुरुवारी करकोचाची आई
कुरव निघाली.

चुकीची नोंद तिनंच पुसली होती,
मोकळ्या जागी नवा पक्षी बसवला होता;
जुना आकडा मात्र तिथेच बोट रोखून.
कुणी हटकलं नाही.
हटकणाऱ्याच्या खिजगणतीत
ती जागा आता नव्हतीच.
तायवो हसला. ती नाही.

रात्री तिनं स्कॅन केलेल्या वह्या उघडल्या.
लेंबित म्हाताऱ्याचं पेन्सिलीतलं अक्षर,
मेलेल्या पक्ष्याच्या नंबरावर एक रेघ
आणि समासात:
हा नंबर पुन्हा कुणाला देऊ नये.

तिनं प्रत्येक जागेपुढे चार बाइट वाढवले,
कितवा रहिवासी, एवढंच लिहायला.
फाईल थोडी फुगली.
बाहेर बर्फ ओढणारं यंत्र
त्याच रस्त्यावरून दुसऱ्यांदा गेलं.