रिजेक्ट माल

उद्यमबागेत बाबांच्या खिशात
सुतळीला बांधलेला एक लोहचुंबक असायचा,
फुटक्या स्पीकरमधनं काढलेला.
भंगाराच्या ढिगावरनं तो फिरवायचे:
बीड चिकटायचं, पितळ गप्प बसायचं.
जगाची एवढीच वाटणी मला तेव्हा माहीत,
आणि ती पटलेली.

आता माझ्याकडं तिसरंच काही आहे.
काळी वडी, दोन रुपयांच्या नाण्याएवढी:
इट्रियम, बेरियम, तांबं,
आणि भट्टीत मोजून पाजलेला प्राणवायू.
पहिली वडी खानापुरात एका कुंभाराकडं भाजली,
त्याच्या विजेच्या भट्टीत, बरण्यांच्या शेजारी.
ती हिरवी पडली, शेवाळासारखी.
तिच्यातनं वीज जाईना.
फेकली नाही. डबीत ठेवली.

द्रव नायट्रोजन मिळतो गुरांच्या दवाखान्यात,
तिथं त्यात वळूंचं बीज थिजवून ठेवतात.
शुक्रवारी उरलासुरला ईरण्णा मला ओतून देतो.
कॅनवर त्याच्या हातचं कन्नडात काहीतरी,
खाली माझं मराठीत: हलवू नका.
एकदा विचारलं, तू काय लिहिलंयस?
म्हणाला, तेच की री.

उणे एकशे ऐंशीच्या आसपास
वडीतले इलेक्ट्रॉन जोडीनं चालू लागतात,
कुठं ठेचकाळत नाहीत,
आणि चुंबकाच्या बळाला म्हणतात, बाहेर.
ते फारच अडून बसलं तर आत घेतात,
पण सुट्या सुट्या धाग्यांनी,
एकेका धाग्याभोवती भोवरा फिरता ठेवून.

धारवाडहून आलेले नेर्लेकर सर म्हणाले,
"मिश्र अवस्था! म्हणजे तुमचं बेळगावच की."
हसले. मीही हसले, चहा दिला.
त्यांना काय ठाऊक, हेच वाक्य मी
वहीच्या कडेला कितीदा लिहून खोडलंय.
भोवऱ्याच्या पाटीवर रात्री कोणी डांबर फासत नाही.
मला उपमा नको होती,
आकडा हवा होता.

आकडा येईना.
शुद्ध वडी चुंबकाला धरेना,
आतले धागे इकडंतिकडं सरकायचे
आणि चुंबक घसरून ट्रेमध्ये.
असे अकरा महिने.
शेवटी डबीतली हिरवी खलात कुटली,
काळ्या भुकटीत चिमटी चिमटीनं मिसळली,
वितळवली, मग तीन दिवस
अंशाअंशानं गोठू दिली.
हिरवे कण म्हणजे वडीतली खोट.
त्या खोटीत धागे अडकले.

रविवारी बाबा आले, इस्त्रीचा शर्ट घालून,
जशी पगाराच्या दिवशी जायचे.
शर्टाच्या बटणाएवढा चुंबक मी चिमट्यानं उचलला,
आणि खालनं वडी उठली,
पेन्सिलीएवढं अंतर राखून,
वाफ सांडत लोंबकळली.
चिकटली नाही, पडलीही नाही.
ईरण्णा दारातनं म्हणाला, बिडंगिल्ल री.
सोडत नाही.
बाबांनी मधल्या फटीतनं पोस्टकार्ड
आरपार घातलं, काढलं, पुन्हा घातलं.

मी त्यांना खोटीचं सांगितलं.
सांगेपर्यंत वडी निवायची सोडून तापत गेली,
टप्‌दिशी ट्रेत पडली.
थोड्या वेळानं त्यांनी खिशातनं सुतळी काढली,
आपला चुंबक तिच्यावरनं फिरवला.
काही नाही. नुसता काळा दगड.

मग म्हणाले, ब्याऐंशी साली
एका व्हॉल्व्हच्या कास्टिंगात ब्लोहोल निघाला,
वाटाण्याएवढा.
साहेबानं खडूनं फुली मारली,
माझे अकरा रुपये कापले.
भोकातनं पाणी गळतंय, ते कबूल गे.
ते कबूल.

बोलता बोलता हिरव्या भुकटीची डबी
त्यांनी झाकण घट्ट लावून
माझ्या हातात दिली.
सगळी संपवू नको, म्हणाले.